बदललेलं मीठ

२ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून वही आणली. रोज दोन वेळा प्रेशर आणि दिवसभरात काय खाल्लं, एवढंच लिहायचं आहे. पण पहिल्या पानावर नुसतं १७२/१०६ लिहिलं आणि तो आकडा कंटेनरवर रंगवलेल्या नंबरासारखा दिसायला लागला, माणसाचा वाटेना. म्हणून बाकीचंही लिहितो.

आज गोदीत वार्षिक तपासणी होती. सत्तावीस वर्षं क्रेन चालवतोय. दरवर्षी पाच मिनिटांत आत जाऊन बाहेर येतो. आज बाईंनी दंडाला पट्टा बांधला, सोडला, दहा मिनिटं बसवून ठेवलं आणि पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला. मी म्हटलं, "यंत्र बिघडलंय का?" त्या म्हणाल्या, "यंत्र ठीक आहे. डोकं दुखतं का? चक्कर?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"तेच वाईट. हे दुखत नाही म्हणून कळत नाही. तुम्ही आता क्रेनवर चढायचं नाही."

सहा आठवडे. तेरा एप्रिलला परत तपासणी. तोवर रोज एक गोळी, खाण्यात बदल, आणि काम खाली. तेराला आकडा उतरला नाही तर कायमचा खाली.

बाहेर आलो तर मुकादम उभा होता. त्याला आधीच कळलं होतं. "हत्यारखोलीत बस महिनाभर, आराम आहे," म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

३ मार्च, मंगळवार

१६८/१०४, गोदीच्या दवाखान्यात. हत्यारखोलीत हातमोजे, हेल्मेटं, दोर, नट आवळायचे पाने द्यायचे आणि परत घ्यायचे. खिडकीतून फक्त माझ्या क्रेनचे पाय दिसतात. इतकी वर्षं मी तिच्या डोक्यात बसलो, तिचे पाय एवढे गंजलेत हे आज कळलं.

घरी ताईला सांगितलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यावर चार वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आली. खरं तर माझी बायको गेल्यापासून मी जे काही डब्यातलं खात होतो ते बघून आली. घरी बसून कपडे दुरुस्त करून देते. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर तिचं शिलाई मशीन चालतं.

ऐकून तिने मशीन थांबवलं. मला वाटलं रागावेल. म्हणाली, "बरं झालं. निदान सहा आठवडे जमिनीवर आहेस."

५ मार्च, गुरुवार

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून नीट समजावलं. आपण मिठाकडे बघतो ते जेवणात वरून घालतो त्या चिमटीपुरतं. खरं मीठ पाकिटांत असतं: पाव, वेफर्स, तयार सूप, सॉस, डबाबंद मासे. त्यातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं आणि प्रेशर चढतं. दुसरं असतं पोटॅशियम. ते फळांत, भाज्यांत, बटाट्यात, कडधान्यांत असतं. ते सोडियमला बाहेर काढायला मदत करतं आणि नसा सैल करतं. "तुमच्याकडे पहिलं भरपूर आहे आणि दुसरं जवळजवळ नाही," बाई म्हणाल्या. "पाकिटं बंद करा. केळी, संत्री, टोमॅटो, पालक, सालासकट बटाटे खा. तुमच्या किडन्या उत्तम आहेत, तुम्हाला काही अडचण नाही."

मी आठवून सांगितलं: केबिनमध्ये आठ तासांत वेफर्सची दोन मोठी पाकिटं, दोन सॉसेज-पाव, डबाबंद सूप. त्या लिहीत होत्या. मधेच पेन थांबवून म्हणाल्या, "आणि जिवंत आहात."

येताना चार किलो बटाटे, डझनभर केळी, संत्री आणली. ताईने बटाटे सोलले, बारीक चिरले, पाण्यात टाकून तास-दोन तास ठेवले, ते पाणी ओतून दुसऱ्या भरपूर पाण्यात उकडले आणि तेही पाणी मोरीत ओतून दिलं. मी ओरडलो, "अगं, सगळं सत्त्व गटारात चाललं! सालासकट खायचे असतात."

"तुझे तू वेगळे उकड. मला असेच आवडतात."

हे आवडणं कधीपासून, कोण जाणे. लहानपणी आम्ही बटाटे राखेत भाजून सालासकट खायचो.

८ मार्च, रविवार

१६०/१००. प्रेशरचं छोटं यंत्र विकत घेतलं. नाडीसुद्धा दाखवतं.

रविवारी भाचीचा फोन येतो. ताईची एकुलती एक मुलगी. दूरच्या शहरात शाळेत शिकवते, दोन लहान मुलं, नवरा बोटीवर. मला म्हणाली, "मामा, आईकडे लक्ष दे." मी म्हटलं, "अगं, इथे लक्ष माझ्याकडे द्यायचं चाललंय." ताईने फोन घेऊन नेहमीप्रमाणे सांगितलं, "मी मस्त आहे. तू तुझं बघ."

ताईला केळं दिलं, नको म्हणाली. संत्र्याचा रस काढून दिला, तोही नको. "आजारी तू आहेस, मी कशाला खाऊ?" हट्टी आहे. या वयात तिनेही खायला हवं.

११ मार्च, बुधवार

१५८/९८. आज हत्यारखोलीत एकही माणूस तासभर आला नाही. मी सगळे पाने मापाप्रमाणे लावून ठेवले.

दर महिन्यातल्या एका बुधवारी ताई वाचनालयात जाते. आज दमून आली. हातात पुस्तक नव्हतं. "हवं ते मिळालं नाही." दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला दिसला. म्हटलं हे काय, तर म्हणाली सुई टोचली. शिवणकाम करणाऱ्या माणसाला दंडाला कशी सुई टोचते, देव जाणे. हल्ली तिचं लक्ष नसतं कामात.

१४ मार्च, शनिवार

आज किराणा दुकानात वेगळं मीठ मिळालं. दुकानदार म्हणाला, प्रेशरवाले हेच नेतात. यात सोडियम कमी आणि त्याच्या जागी पोटॅशियमचं मीठ असतं. म्हणजे बाईंनी सांगितलेली दोन्ही कामं एकाच चमच्यात! मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

घरी येऊन ताईला नुसतं म्हटलं, "असं एक मीठ मिळतं..." तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "मीठ ते मीठ. तुझ्या जाहिराती माझ्या स्वयंपाकघरात आणू नकोस. मी आधीच कमी घालते." खरंच कमी घालते, पण माझ्याकडे चारच आठवडे उरलेत.

ती खाली कपडे द्यायला गेली तेव्हा मी मिठाचा डबा रिकामा केला आणि नवीन पाकीट त्यात ओतलं. दिसायला सारखंच. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा काही ठरावीक औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. दोनदा वाचलं. आमच्या घरात तसं कुणी नाही. पाकीट खिशात घालून बाहेर टाकून आलो.

थोडं चोरासारखं वाटलं. पण कुणाचं वाईट थोडंच करतोय? तिलाही फायदाच आहे.

२० मार्च, शुक्रवार

१४८/९२! हत्यारखोलीतल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. मुकादम आला, बघितलं, म्हणाला, "हा कुठला पाना?" पण हसला. माझ्या क्रेनवर सध्या एक पोरसवदा चालक आहे. कंटेनर असा आपटतो की इथे माझे पाने थरथरतात.

ताई म्हणते, हल्ली जेवणाला चव नाही, कडवट लागतं. "जीभच गेली माझी." म्हणून मीठ थोडं जास्त घालते.  मी मनात म्हटलं, घाल बाई, हे मीठ जास्त झालेलं चालतं.

२५ मार्च, बुधवार

१४४/९०. ताईला आज खाली उतरून चौकातल्या औषधाच्या दुकानात जायचं होतं, गेली नाही. पाय जड झालेत म्हणाली. मला म्हणाली, तू जाशील का, मग लगेच म्हणाली, राहू दे, उद्या जाईन. मी म्हटलं, "काय आणायचं ते सांग ना." "काही नाही, मलम."

वय झालं तिचं. चार वर्षांपूर्वी दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढायची.

२९ मार्च, रविवार

१४०/८८. मी एवढा खूश आणि ताई गप्प. सुई दोनदा हातातून पडली. बोटांना मुंग्या येतात म्हणते. भाचीच्या फोनवर मात्र "मस्त आहे" म्हणाली, तेही खुर्चीत टेकून डोळे मिटून. मी आजपासून रोज तिला सूपही करून देतो. टोमॅटोचं आहे हे सांगितलं नाही, लाल भोपळ्याचं म्हणून दिलं. शक्ती येईल. दोन घोट घेते, माझ्या समाधानासाठी. मीठही मीच घालतो.

४ एप्रिल, शनिवार

हे रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. लिहिलं नाही तर हातांचं काय करायचं कळत नाही.

आज अर्धा दिवस होता. एक वाजता घरी आलो. मशीनचा आवाज नव्हता. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर कुणाची तरी अर्धी शिवलेली बाही. म्हणाली, "धाकट्या, मला उठता येत नाहीये. पायच माझे नाहीत." घाबरलेली नव्हती. तक्रार केल्यासारखं म्हणाली.

मी तिला पाणी दिलं. काय करावं सुचेना म्हणून माझं यंत्र तिच्या दंडाला लावलं. प्रेशर बरं होतं. नाडी ३६.

वाटलं यंत्र चुकलं. पुन्हा लावलं. ३४. मग स्वतःच्या दंडाला लावलं. ८८. पुन्हा तिला. ३५.

क्रेनमध्ये वजनाचा काटा असतो. काटा जास्त दाखवत असेल आणि खालचे लोक "काही नाही, उचल, उचल" म्हणत असतील तर उचलायचं नाही. काट्यावर विश्वास ठेवायचा. सत्तावीस वर्षं तेच केलंय. ताई म्हणत होती, "थोडं पडते, बरं वाटेल." मी रुग्णवाहिका बोलावली.

दोन माणसांनी तिला खुर्चीसकट तीन जिने उतरवलं. शेजारपाजारचे दारात आले तेव्हा ती म्हणाली, "माझी बाही कुणीतरी घडी करून ठेवा."

५ एप्रिल, रविवार

ताई आहे. आधी हे लिहितो.

काल आत नेल्यावर अर्ध्या तासात तरुण डॉक्टर बाहेर आले. हातात हृदयाच्या आलेखाची पट्टी. विचारलं, "यांच्या किडनीवर उपचार कुठे चालू आहेत?"

मी म्हटलं, "तिला किडनीचं काही नाही."

त्यांनी पट्टीकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "त्यांनी स्वतः सांगितलंय. दोन वर्षं झाली. किडनीचं चौथ्या भागाइतकंच काम शिल्लक आहे. दर महिन्याला बुधवारी तपासणीला जातात."

बुधवारी.

मग म्हणाले, रक्तात पोटॅशियम सात पूर्णांक चार आहे, साडेपाचच्या आत हवं. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते. यांची टाकत नाही. वर प्रेशरची जी गोळी त्यांना किडनीसाठी दिली आहे, तीही पोटॅशियम धरून ठेवते. ते साचलं की हातपाय जातात, हृदय मंद होतं आणि थांबतं. "पथ्य त्या नीट पाळतात म्हणतात. बटाटे दोनदा पाणी बदलून. फळं नाहीत. मग एवढं आलं कुठून? घरात मीठ कोणतं वापरता?"

मी मिठाचं सांगितलं. सुपाचंही सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमच्यासाठी ते मीठ चांगलंच होतं. पण एका पातेल्यात दोन माणसं जेवतात." मग आत गेले. हृदयाला सावरायला इंजेक्शन, पोटॅशियम उतरवायला दुसरं औषध, आणि संध्याकाळी यंत्रावर रक्त धुतलं. आज सकाळी नाडी ७०. चहा मागितला.

भाचीचा फोन आला. ताईने हाताने खूण केली. मी म्हटलं, "आई झोपलीये." पुन्हा खोटं.

७ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस तिच्या उशाशी बसतोय आणि तोंडातून शब्द निघत नाही. "ताई" म्हणतो आणि पुढे "पाणी हवं?" विचारतो. आज चिडून म्हणाली, "किती पाणी पाजशील? ते पण मोजून प्यायचंय मला."

डॉक्टरांनी तिला सांगितलं असेल का?  माझं प्रेशर मोजलं नाही. मोजायची हिंमत नाही.

८ एप्रिल, बुधवार

सांगता येत नव्हतं म्हणून जेवणानंतर ही वही तिच्या हातात दिली. म्हटलं, "वाच. मग जे बोलायचं ते बोल." आणि खिडकीपाशी जाऊन खाली लावलेल्या गाड्या बघत उभा राहिलो.

चष्मा लावून सगळी वाचली. घाईघाईत लिहिलेलं अक्षर तिला लागलं नाही तिथे मला हाक मारून विचारलं, "हे काय, 'गटारात' का?" बटाट्याच्या पानावर हसली. खांदे हलताना काचेत दिसत होते. चौदा तारखेच्या पानावर बराच वेळ थांबली.

मग म्हणाली, "इकडे ये."

गेलो.

"मीठ बदललंस ते बदललंस. पण मला भोपळा म्हणून टोमॅटो पाजलास? माझी जीभ एवढी गेली समजलास?"

"तुला कळलं होतं?"

"पहिल्याच घोटाला. तू इतक्या कौतुकाने उभा होतास समोर चमचा घेऊन. म्हटलं दोन घोट घेतले तर काय मोठं होतंय. मिठाचं कुठे ठाऊक होतं मला."

मी तिच्या पलंगाचा दांडा धरून उभा होतो. विचारलं, "ताई, मला का नाही सांगितलंस? दोन वर्षं?"

 चादरीची घडी बोटाने सरळ करत राहिली. "तुझी बायको आजारी होती तेव्हा दीड वर्ष तू असाच उभा होतास दांडा धरून. ती गेल्यावर सात महिने क्रेनवर चढला नाहीस. म्हटलं, पुन्हा याला कुणाच्या उशाशी उभं करायला नको. माझं मी सांभाळत होते की. सांभाळलं होतं मी, धाकट्या."

"मी बिघडवलं."

"तू बिघडवलंस," ती म्हणाली. "आणि मी तुला बटाट्याचं पाणी का ओतते ते सांगितलं असतं तर बिघडलं नसतं. आता बस खाली. दांडा मोडेल."

बसलो. रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, वॉर्डात, सगळ्यांदेखत. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मान वळवून भिंतीकडे तोंड केलं, त्यांचे उपकार.

११ एप्रिल, शनिवार

ताई घरी. मिठाचा डबा मी घासून उपडा ठेवला. आहारतज्ज्ञ बाईंनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं: ते मीठ या घरात आणायचंच नाही. साधं मीठ, तेही दोघांनाही अगदी थोडं, आणि चवीला लिंबाचे चार थेंब, मिरी, लसूण. माझी फळं माझ्या ताटात, तिचं पथ्य तिच्या ताटात, पातेल्यात दोघांना चालेल तेवढंच.

आज मी रांधलं. ताईने पहिला घास घेतला. "कसंय?" विचारलं.

"भयंकर आहे."

मलाही तसंच वाटलं. जेवलो.

१३ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी पट्टा तीनदा बांधला. १३६, १३८, १३६. खालचा ८६.

त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्या दिवशी मी 'तुमच्या किडन्या चांगल्या आहेत' म्हटलं, पण घरात आणखी कोण जेवतं ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं." मग कागदावर सही केली. "चढा. गोळी सोडायची नाही. पाकिटं पुन्हा सुरू केलीत तर मला कळेल."

मुकादमाने हेल्मेट हातात दिलं. शिडी चढताना पोटऱ्या दुखल्या, सहा आठवड्यांत सवय गेली. वर काच पुसली. दांडा हातात घेतला. पहिला कंटेनर उचलायला मला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला आणि कुणी काही बोललं नाही.

१९ एप्रिल, रविवार

१३२/८४.

भाचीला अजून काही माहीत नव्हतं. गेल्या रविवारीही मी फोनवर काहीबाही बोललो. आज सकाळीच ताईला म्हटलं, "आज तू सांगणार, नाहीतर मी."

"तिला दोन पोरं आहेत, नवरा बोटीवर, एकटी आहे..."

"मीही एकटाच होतो म्हणून नाही सांगितलंस."

 फोन आला तेव्हा तिने तो टेबलावर ठेवला, मोठ्या आवाजावर. म्हणाली, "ऐक. घाबरू नकोस आणि मध्ये बोलू नकोस." आणि सांगितलं. किडनीचं, बुधवारचं, रुग्णालयाचं. मिठाचं सांगताना "एक घोटाळा झाला" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "घोटाळा मी केला." तेही सांगून टाकलं, सगळं.

 पलीकडे भाची रडली, मग आम्हा दोघांना असं झापलं की माझे कान गरम झाले. तिच्या पोरांना ओरडते त्याच सुरात. शेवटी नाक पुसल्याचा आवाज आला. म्हणाली, "मामा, आहेस ना तिथे?"

"आहे."

"खरं सांग. आई अजून काही लपवतेय?"

डॉक्टरांनी शुक्रवारी आम्हाला सांगितलंय की या प्रकाराने किडनी आणखी थोडी खाली आलीय. पथ्य सांभाळलं तर बरीच वर्षं जातील, नाहीतर दोनेक वर्षांत आठवड्यातून तीनदा यंत्रावर जावं लागेल. ताईने माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

मी सांगितलं.

ताई उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. भाची म्हणाली, "ठीक आहे. मे महिन्यात सुट्टी लागली की पोरांना घेऊन येते. तोवर बुधवारी तू जायचंस तिच्याबरोबर." मी म्हटलं, शिफ्ट बदलून घेतलीय. फोन ठेवला.

थोड्या वेळाने ताई न वळता म्हणाली, "झालं समाधान?"

"झालं," मी म्हणालो.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती जाईपर्यंत ताई बघत राहिली. मग म्हणाली, "माझंही."